झुल्यावरून तासगावात

2011 सालच्या एप्रिल महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने सर्कशींमध्ये मुलांना कामाला ठेवण्यावर बंदी आणण्याचा आदेश दिला, तेव्हा मी पंधरा वर्षांची होते आणि झुल्यावर काम करत होते. त्या पावसाळ्यापूर्वीच आमच्या मालकांनी अठराच्या आतील सर्वांना घरी पाठवले. माझे वडील त्याच सर्कशीत तंबू उभारणीचे काम पाहत आणि आई सायकलवरच्या कसरती करत असे, त्यामुळे आम्ही तिघेही तासगावला आजीकडे आलो. तो आदेश योग्यच होता, असे मी आजही मानते. आमच्या तंबूत अशा मुली होत्या की ज्यांचे आईवडील कुणी कधी पाहिले नव्हते, आणि त्यांना परत जाण्याचा रस्ता त्या आदेशानेच मोकळा केला.

तासगाव भागाला सर्कस परकी नाही. 1880 साली पहिली भारतीय सर्कस काढणारे विष्णुपंत छत्रे जवळच्याच अंकलखोपचे, आणि पुढे देवलांची सर्कस म्हैसाळातून निघाली. तरीही ज्या गावाने सर्कशीवर प्रेम केले, त्या गावाला सर्कशीतली मुलगी शेजारी राहायला आली की काय करावे, हे सुचत नव्हते. कुणी लग्नघरात उलटी कमान करून दाखवायला सांगे, तर कुणी त्याच कसरतीमुळे माझ्या लग्नाची काळजी करे. आमचा शेवटचा खेळ सातचा असे, जेवण होऊन झोपायला मध्यरात्र उलटत असे. इथे नळाला पाणी पहाटे येई आणि आजी अंधारातच हाक मारी. काकूंनी मला ओढणी नीट घ्यायला शिकवले, त्यात त्यांची माया होती हे मला तेव्हाही कळत होते. पण जिन्याच्या कठड्याला धरून अंग ताणण्याची माझी रोजची सवय मी त्यानंतर दार लावून पुरी करू लागले.

झुला शिकवताना आधी पडायला शिकवतात. जाळीत पाठीवर पडायचे, हनुवटी छातीला लावायची आणि पाय आधी टेकू द्यायचे नाहीत, कारण जाळीच्या घरात पाऊल अडकले तर घोटा मोडतो. दुसरा धडा त्याहून अवघड असतो. समोरच्या झुल्यावर उलटा लटकलेला जो गडी आपल्याला पकडतो, त्याचे हात धरण्यासाठी आपण झडप घालायची नाही. आपण हात सरळ पुढे करून ठेवायचे आणि मनगटे त्याने पकडायची. झडप घातली की वेळ चुकते, बोटे बोटांवर आपटतात आणि दोघांचीही लय जाते. वर्षानुवर्षे हे अंगात मुरलेले असल्यामुळे तासगावातही मी हात पुढे करून थांबत असे. रेशन कार्डात नाव चढवायचे, हुबळीच्या मुक्कामात झालेल्या जन्माचा दाखला मिळवायचा, शाळेत कुणाला भेटायचे ते विचारायचे, या प्रत्येक ठिकाणी कुणीतरी आपणहून मला धरील अशी माझी धारणा होती. सर्वसाधारण आयुष्यात झडप घालावी लागते, हे शिकायला मला उंचावरच्या कोणत्याही कसरतीपेक्षा जास्त काळ लागला.

शाळेच्या बाबतीत तर कायद्यातच एक पोकळी होती, आणि तिच्याविषयी फारसे कुणी बोलत नाही. शिक्षणहक्क कायदा सहा ते चौदा वर्षांच्या मुलांना वयाला साजेशा वर्गात प्रवेश आणि मागे राहिलेल्या अभ्यासासाठी विशेष प्रशिक्षण देतो. सर्कशीतले काम मात्र अठरा वर्षांखालील सर्वांचे थांबले. मधल्या वयाच्या आम्हा मुलांचे काम गेले, पण शाळेचा हक्क त्या कायद्याने आमच्यापर्यंत पोहोचला नाही. एका शाळेने माझे वय पाहून सरळ नकार दिला. पाचवीपर्यंत मी आजीजवळ राहून शिकले होते आणि तो दाखला आजीने ट्रंकेत जपून ठेवला होता, म्हणूनच पुढे एका शिक्षिकाबाईंनी मला सतरा नंबरचा अर्ज भरून दहावीला बाहेरून बसण्याचा मार्ग दाखवला. आई त्या काळात बेदाण्याच्या शेडवर निवडीच्या कामाला जाई आणि मी रात्री तिला बीजगणित वाचून दाखवत असे. तिला त्यातले काही कळत नसे, पण वाचताना मी कुठे अडखळले ते तिला अचूक कळे.

व्यायामशाळेत दोरीचा मल्लखांब सुरू झाला, तेव्हा दार लावून जपलेले शरीर मला पुन्हा उजेडात आणता आले. या दोरीला कुठेही गाठ नसते. पायाचा अंगठा आणि शेजारचे बोट यांत ती धरून चढायचे असते. झुल्यावर माझे सगळे बळ मनगटांत होते, त्यामुळे पायांची बोटे सोलवटून निघाली आणि माझ्याहून लहान मुली माझ्याआधी वर पोहोचू लागल्या. पण तिथे उलटे लटकणे ही कुणाला लाजेची गोष्ट वाटत नव्हती, आणि तिथे शिकवणारे सरच एका संध्याकाळी काकूंना घरी येऊन सांगून गेले की पोरीचे अंग तयार आहे, तिला रोज पाठवत जा. काकूंनी पाठवले.

आज मी त्याच दोरीवर मुलींना शिकवते. त्यांच्यात वीटभट्टीवरून आणि ऊसतोडीवरून परतलेल्या, शाळा मध्येच सुटलेल्या मुलीही असतात आणि त्यांच्यासमोर तीच मधल्या वयाची अडचण उभी असते. सतरा नंबरचा अर्ज राज्य शिक्षण मंडळाच्या संकेतस्थळावर भरता येतो. शाळा सोडल्याचा मूळ दाखला हरवला असेल तर दुय्यम प्रत आणि प्रतिज्ञापत्र जोडावे लागते. ही कागदपत्रे गोळा करायला वेळ जातो, म्हणून मुदत जवळ येण्याची वाट पाहू नये. तुमच्या ओळखीत अशी मुलगी किंवा मुलगा असेल, तर त्याने येऊन विचारावे याची वाट न पाहता तुम्हीच आधी त्याच्या घरी जा.