उंबऱ्यात अडकलेली नवरी आणि माझ्या साईटवरची कवटी

२०१९ च्या मे महिन्यातली गोष्ट. संध्याकाळी सातच्या सुमारास वन्संचा फोन आला. मागे सनई आणि बायकांचा कलकलाट. "वहिनी, नवरी माप ओलांडायला उंबऱ्यात उभी आहे, करवल्यांनी दार अडवलंय, आणि तुमच्या साईटवर कवटी दिसतेय!"

तव्यावरची पोळी तशीच ठेवून मी फोनवर साईट उघडली. काळी पाटी, हिरवी अक्षरं, मधोमध खरंच कवटी. खाली 'हॅक्ड बाय' आणि पुढे कुणाचं तरी टोपणनाव. नवरीला मी फोनवरूनच एक उखाणा सांगितला, ती घरात गेली. माझी पोळी करपली.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. दिवसा मी एका पतसंस्थेत हिशेब लिहिते. आजीची उखाण्यांची वही होती, तिची पानं गळायला लागली तेव्हा २०१३ मध्ये मी ती साईटवर चढवायला घेतली. पीएचपी ही साईट बनवायची भाषा स्वतःच शिकले, म्हणजे इकडचं तिकडचं उचलून जोडलं. पुढे वाचकांना उखाणे पाठवता यावेत म्हणून एक फॉर्म ठेवला. आलेले उखाणे यादीत पडून राहतात, सकाळच्या चहाबरोबर मी एकेक वाचते आणि 'घ्या' किंवा 'नाकारा' दाबते. एवढाच कारभार. यात कुणाला काय चोरायचं असणार, अशी माझी पक्की समजूत होती.

त्या रात्री मी कवटी पुसली, पासवर्ड बदलला, तोही चांगला सोळा अक्षरी, आणि झोपले. सकाळी कवटी परत हजर.

पुण्यात इंजिनिअरिंगला असलेल्या भाच्याला फोन लावला. तो झोपेतच हसला. "आत्या, पासवर्ड बदलून काय उपयोग? त्याच्याकडे तुझी कुकी आहे."

लॉगिन केल्यावर साईट ब्राउझरला एक लांबलचक आकडा देते, तीच ही कुकी. पुढच्या प्रत्येक पानाला ब्राउझर तो आकडा दाखवतो, म्हणून पुन्हा पुन्हा पासवर्ड विचारला जात नाही. ज्याच्या हाती आकडा, तो मी. पीएचपीत न वापरलेलं सेशन, म्हणजे एका लॉगिनची सर्व्हरवरची नोंद, मुळात चोवीस मिनिटांनंतर मोडीत निघू शकतं. पण फोनवर सारखं लॉगिन करायचा कंटाळा म्हणून मीच ते तीस दिवसांवर नेऊन ठेवलं होतं. आणि पासवर्ड बदलला तरी जुनी सेशनं मोडत नव्हती, कारण तशी ओळच मी कधी लिहिली नव्हती.

भाच्यानं सांगितलं तसं होस्टिंगच्या पॅनलमधून लॉग उतरवून घेतला. कितव्या सेकंदाला कुठल्या आयपीवरून, म्हणजे कुठल्या इंटरनेट जोडणीच्या क्रमांकावरून, कुठलं पान मागितलं गेलं, हे सगळं त्यात असतं. आदल्या दिवशीच्या पहाटे एक वाजून बावन्न मिनिटांपासून एकच आयपी. आधी शोधपेटीत 'लग्न' टाकलंय. मग स्वतःचं टोपणनाव, पण ठळक अक्षरांच्या टॅगमध्ये, म्हणजे 'हे ठळक दाखव' असं ब्राउझरला सांगणाऱ्या कंसातल्या खुणेत, गुंडाळून. लॉगमध्ये टॅगचा कंस 'टक्का तीन सी' असा दिसतो, त्यामुळे वाचताना डोळ्यांना त्रास होतो, पण अर्थ लागतो. माझं पान भाबडेपणानं सांगत असे, 'अमुक-अमुकसाठी काही सापडलं नाही', आणि तो अमुक जसाच्या तसा छापत असे. त्याचं नाव ठळक होऊन आलं असणार. दोन मिनिटांनी त्याच पेटीत स्क्रिप्टचा, म्हणजे पानात चालणाऱ्या छोट्या प्रोग्रामचा टॅग, एक छोटी खिडकी उघडून दाखवणारा. तीही उघडली असणार, कारण पुढची मागणी थेट 'उखाणा पाठवा' या पानाची आहे.

फॉर्ममध्ये त्यानं काय भरलं ते लॉगमध्ये येत नाही, पण माझ्या यादीत ते होतंच. पहिल्या दोन ओळी अशा:

कऱ्हाडच्या संगमावर कृष्णा भेटते कोयनेला,
...रावांचं नाव घेते, आता जाऊ द्या मला.

हा आजीच्या वहीतला, माझ्याच साईटवरून उचललेला! त्याच्यापुढे स्क्रिप्ट. ती पानावर दिसत नाही, नुसती चालते. माझी कुकी घ्यायची आणि एका चित्राच्या पत्त्याला जोडून त्याच्या सर्व्हरकडे धाडायची, एवढंच तिचं काम. उचललेल्या स्क्रिप्टमधली 'पुट युवर यूआरएल हिअर' ही सूचनासुद्धा त्यानं पुसली नव्हती. फॉर्मवर मी दोनशे अक्षरांची मर्यादा घातली होती, तिचं काय झालं? ती मर्यादा ब्राउझरमध्ये होती, आणि ब्राउझर त्याचा होता. सर्व्हरवर मी काहीच मोजत नव्हते.

सकाळी सहा पस्तीसला मी चहा घेऊन यादी उघडली, तेव्हाच ती स्क्रिप्ट चालली आणि कुकी गेली. दुपारी चारला तो उठला असावा. चार वाजून सात मिनिटांनी त्याच्या आयपीवरून माझं व्यवस्थापनाचं पान उघडलेलं दिसतं, लॉगिनच्या पानाकडे न फिरकता. दिवाळीच्या शुभेच्छा टाकायला मी मुखपृष्ठावर एक सूचनेची पेटी केली होती, त्यात त्यानं कवटी बसवली. उखाण्यांना हात लावला नाही. शेवटचा बॅकअप दिवाळीतलाच होता, त्यामुळे हे माझं नशीब.

मला सगळ्यात जास्त खटकलं ते हे की ब्राउझरनं यात काहीच चूक केली नव्हती. एका साईटची स्क्रिप्ट दुसऱ्या साईटच्या कुकीला हात लावू शकत नाही. बँकेचा टॅब शेजारी उघडा असला तरी माझ्या पानातून तिथे डोकावता येत नाही. नेटस्केप या जुन्या ब्राउझरच्या काळापासून हा नियम आहे. पण स्क्रिप्ट माझ्याच पानातून आली, तर ब्राउझरच्या लेखी ती घरचीच. ती मी लिहिली की पहाटे दोनला कुणी पेटीत टाकली, हे त्याला कुठून कळणार?

मग मी डोकं चालवलं. आलेल्या मजकुरातून 'स्क्रिप्ट' हा इंग्रजी शब्दच काढून टाकायचा! भाच्यानं दोन मिनिटांत दाखवलं: शब्दाच्या पोटात तोच शब्द लिहायचा. माझी चाळणी आतला काढते, बाहेरचे दोन तुकडे जुळतात, झाला शब्द तयार. चाळणीवर विसंबणारी मी पहिली नव्हे, म्हणे. २००५ च्या ऑक्टोबरात सॅमी कामकर नावाच्या एकोणीस वर्षांच्या पोरानं मायस्पेस या तेव्हाच्या सोशल साईटवर अशीच चाळणी चुकवली होती. तिथे 'जावास्क्रिप्ट' हा शब्द गाळला जायचा, त्यानं तो मधे तोडून दोन ओळींत लिहिला. काही ब्राउझर तो तरीही जोडून वाचत. जो त्याचं पान बघेल त्याच्या पानावर 'सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे सॅमी माझा हिरो आहे' अशा अर्थाची ओळ आपोआप उमटायची आणि ती स्क्रिप्टही तिथे चिकटायची. वीस तासांत दहा लाखांवर लोकांना लागण झाली. मायस्पेसला साईट काही काळ बंद ठेवावी लागली. माझ्याकडे आलेला बिचारा एका कवटीवरच थांबला.

खरा उपाय म्हणजे काही गाळायचंच नाही. परक्याचा मजकूर पानावर छापताना कंसाचं चिन्ह अशा सांकेतिक रूपात लिहायचं की ब्राउझर ते नुसतं दाखवेल, टॅग समजून चालवणार नाही. पीएचपीत त्यासाठी 'एचटीएमएल-स्पेशल-चार्स' ही तयार सोय आहे. सगळीकडे लावली, खूश झाले. आठवड्यानं भाच्यानं पुन्हा खिडकी उघडून दाखवली, पाठवणाऱ्याच्या नावातून. ते नाव मी एकेरी अवतरणात छापत होते आणि ही सोय तेव्हा सांगितल्याशिवाय एकेरी अवतरणाला हात लावत नसे. २०२१ मध्ये आलेल्या पीएचपी ८.१ पासून ती आपणहून लावते. म्हणजे दोन वर्षांनी जगानं माझ्यासारख्यांची काळजी घेतली.

कुकीवर 'एचटीटीपी-ओन्ली' अशी खूण केली. ती असली की पानातली स्क्रिप्ट कुकी वाचू शकत नाही. इंटरनेट एक्सप्लोररमध्ये ही सोय २००२ पासून होती, मला सतरा वर्षांनी कळली. जुनी सगळी सेशनं उडवली, तीस दिवसांचा एक तास केला. शेवटी भाच्याच्या आग्रहानं सीएसपी लावलं: पानात मधेच लिहिलेली कुठलीही स्क्रिप्ट चालवू नकोस, फक्त माझ्या स्वतंत्र फाईलमधली चालव, असा ब्राउझरला हुकूम. हुकूम चोख पाळला गेला आणि 'कॉपी करा' हे बटण मेलं, कारण त्याची स्क्रिप्ट मी बटणातच कोंबली होती. ऐन लग्नसराईत बायकांचे निरोपावर निरोप: उखाणा व्हॉट्सॲपवर जात नाही. ब्राउझरच्या कन्सोलमध्ये, म्हणजे चुका दाखवणाऱ्या खिडकीत, लाल ओळींची रांग लागली होती. दोन रात्री जागून सगळी बटणं फाईलीत हलवली.

तक्रार केली नाही. मोबाईल कंपनीचा एक आयपी अनेकांमध्ये वाटलेला असतो, आणि माझे पैसे गेले नव्हते. आयटी कायद्याच्या ६६ व्या कलमाखाली अशा उद्योगाला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड होऊ शकतो, किंवा दोन्ही. त्या पोराला हे माहीत असेल असं वाटत नाही. पोरच असणार, मोठ्या माणसाला एवढी मोठी कवटी लावायची हौस नसते.

असे 'उखाणे' अजून येतात. परवाच सकाळी यादीत एक होता, रात्री एक चाळीसला पाठवलेला. कंस, टॅग, स्क्रिप्ट, सगळं सरळ अक्षरांत, वहीत लिहिल्यासारखं पडलेलं. चहाचा घोट घेतला आणि 'नाकारा' दाबलं. खालचा विट्याच्या एका मुलीचा होता, डोहाळजेवणासाठी. यमक जरा ओढून आणलेलं. तो घेतला.