निकाल झालो, कागद खंय?

आमच्या कोर्टाच्या मागच्या खिडकीतून खाडी दिसते. गावाचं नाव सांगत नाही. सिंधुदुर्गातलं तालुक्याचं कोर्ट, एवढं पुरे. मी तिथे लघुलेखक, सगळ्यांच्या तोंडी स्टेनो मॅडम. न्यायाधीश साहेब सांगतात, मी वहीत उतरवते, मग टाइप करते. एवढंच काम. त्या कामाबद्दल एका न्यायाधीशाच्या खातेनिहाय चौकशीत साक्ष द्यावी लागेल, असं कधी मनात आलं नव्हतं.

दावा आंब्याच्या कलमांच्या बागेच्या वाटपाचा. भाऊबंदकी, मधला दगडी गडगा कोणी हलवला, विहिरीवर कुणाचा हक्क, असा अठरा वर्षं चाललेला. महिनाअखेरीस साहेबांनी डायसवरून वाचून दाखवलं : दावा अंशतः मंजूर, वादीचा एक तृतीयांश हिस्सा. वादी आजोबांनी जागच्या जागी हात जोडले. रोजनाम्यात, म्हणजे कोर्टाच्या कामकाजाच्या नोंदीत, लिहिलं गेलं, 'निकाल खुल्या न्यायालयात जाहीर'. किती दावे निकाली काढले ते दाखवणाऱ्या महिन्याच्या स्टेटमेंटमध्ये एक जुना दावा निकाली.

दुसऱ्या दिवशी आजोबांनी नकलेचा अर्ज टाकला. नक्कल विभागाने मला विचारलं, निकालपत्र कुठे आहे? मी म्हटलं, टाइप होतंय.

टाइप करायला काही नव्हतंच. साहेबांच्या हातात तेव्हा अर्धं पान होतं, शेवटच्या हुकमाचं. कारणं, मुद्दे, पुराव्याची छाननी, यातलं एक अक्षर त्यांनी मला सांगितलं नव्हतं. दिवाणी प्रक्रिया संहितेप्रमाणे कोर्टात सगळं वाचायची सक्ती नाही. मुद्द्यांवरचे निष्कर्ष आणि हुकूम वाचला तरी चालतो. पण पूर्ण निकालपत्र त्या क्षणी तयार पाहिजे. साहेब म्हणाले, "उद्या देतो डिक्टेशन." त्या उद्याला पाच महिने लागले तरी तो आला नाही.

आजोबा दर सोमवारी एस. टी. ने यायचे. "बाय, निकाल झालो म्हणतत, मगे कागद खंय?" हुकूमनाम्याशिवाय, म्हणजे डिक्रीशिवाय, वाटपाचं प्रकरण जिल्हाधिकाऱ्यांकडे जात नाही आणि निकालपत्राशिवाय हुकूमनामा निघत नाही. ते मला माहीत होतं, त्यांना नव्हतं. मी पाणी विचारायची आणि पुढचा सोमवार सांगायची.

शेवटी त्यांनीच तक्रार केली. न्यायाधीशाविरुद्ध नुसता निनावी कागद टाकून भागत नाही. सोबत प्रतिज्ञापत्र आणि पडताळता येईल असा पुरावा लागतो. त्यांनी नकलेच्या अर्जाची पावती जोडली. बस्स, ती पावती. उच्च न्यायालयाने जिल्हा न्यायाधीशांकडून गोपनीय अहवाल मागवला. तो गेल्यावर कपाटं उघडली आणि असे अकरा निकाल सापडले. मग दोषारोपपत्र आलं. राज्यघटनेच्या २३५व्या अनुच्छेदाने तालुका-जिल्ह्याच्या न्यायाधीशांवरचं नियंत्रण उच्च न्यायालयाकडे आहे. चौकशी मात्र राज्य सरकारच्या इतर अधिकाऱ्यांसारखीच, १९७९च्या शिस्त व अपील नियमांखाली.

साहेबांनी लेखी बचावात काय म्हटलंय, ते मला साक्षीच्या दिवशी कळलं. 'लघुलेखिका अकार्यक्षम असून दिलेलं डिक्टेशन वेळेत टाइप करत नाही.'

चौकशी अधिकारी बाहेरच्या जिल्ह्यातले न्यायाधीश. पाऊस असा की पागोळ्यांच्या आवाजात बोलणं ऐकू येईना. पट्टेवाल्याने खिडक्या लावल्या. साहेब आत आले आणि मी सवयीने उठून उभी राहिले. काळा कोट नाही, बँड नाही, साधा पांढरा शर्ट. माझ्या शेजारच्याच खुर्चीवर बसले.

आरोपांची बाजू मांडणाऱ्या सादरकर्ता अधिकाऱ्यांनी माझ्या चार वह्या पुढे ठेवल्या. माझी एक पद्धत आहे : डिक्टेशन सुरू होताना प्रकरणाचा नंबर, तारीख, वेळ. संपलं की खाली आडवी रेघ आणि पुन्हा वेळ. मी पान पान उलटत वाचून दाखवलं. जामिनाचे हुकूम होते, मनाई हुकूम होते, दोन साक्षी होत्या. त्या अकरा दाव्यांचा एकही नंबर नव्हता.

बचावाला एक निवृत्त न्यायाधीश होते. वेग विचारला, रजा विचारली, वही हरवते का विचारलं. मग त्यांनी सर्वोच्च न्यायालयाचा २०१९चा, बिहारच्या न्यायाधीशाच्या प्रकरणातला निकाल काढला : नुसता चुकीचा हुकूम दिला म्हणून शिस्तभंगाची कारवाई होऊ शकत नाही. तत्त्व बरोबरच आहे. नाहीतर हरलेला प्रत्येक पक्षकार न्यायाधीशाला खेचेल. चौकशी अधिकारी शांतपणे म्हणाले, "निकाल चुकला असं कोण म्हणतंय? निकालपत्रच नाही."

शेवटचा प्रश्न मात्र वर्मी लागला. "पाच महिने तुम्ही नक्कल विभागाला 'टाइप होतंय' असं सांगत होता. खरं होतं ते?"

"नाही."

"मग का सांगितलंत?"

मला उत्तर सुचेना. तिथला तरुण स्टेनो पेन्सिल टेकवून थांबला होता. मीही साक्षीदारांसमोर हजारदा अशीच थांबलेय. साहेब टेबलाकडे बघत होते. लाच खाणारा माणूस नव्हे तो. मासळीसुद्धा रोख मोजून घ्यायचा. आईच्या आजारपणात सावंतवाडी-पुणे फेऱ्या चालल्या होत्या, आणि स्टेटमेंटला आकडा तर दर महिन्याला हवाच. हे सगळं मी सांगू शकले असते. मी म्हटलं, "घाबरले." त्या स्टेनोने ते उतरवून घेतलं.

साहेब सक्तीने निवृत्त झाले. पुढे एप्रिल २०२३मध्ये कर्नाटकातल्या अशाच प्रकरणाची बातमी वाचली. तिथेही न्यायाधीशाने अननुभवी स्टेनोवर बोट ठेवलं होतं. सर्वोच्च न्यायालयाने ते स्पष्टीकरण नाकारून बडतर्फी कायम केली. बातमी मी दोनदा वाचली आणि टेबलाच्या खणात ठेवली.

आजोबांच्या दाव्यात साहेबांच्या जागी आलेल्या नव्या न्यायाधीश मॅडमनी युक्तिवाद पहिल्यापासून ऐकले. डिक्टेशन चार दिवस चाललं. निकालाच्या दिवशी आजोबांना नीट ऐकू येत नव्हतं. हुकूम वाचून झाल्यावर ते डायसकडे न बघता थेट माझ्या टेबलाशी आले.

"बाय, ह्यो कागदार आसा मां?"

मी सही झालेला गठ्ठा उचलून त्यांना दाखवला. त्यांनी बोट ओलं केलं आणि पानं मोजायला लागले. मॅडमनी मान वर करून बघितलं, पण कुणी त्यांना थांबवलं नाही.