आज जवस भाजताना

आज जाऊबाईंना घेऊन मंगळवार पेठेत काष्ठौषधीच्या दुकानात गेले. शेवटची पाळी येऊन त्यांना आठ महिने झालेत. रात्री दोनला उठून बसतात. छातीपासून कानापर्यंत वाफा, मानेखालची उशी ओली. सोलापूरचा उन्हाळा, म्हणून घरात सगळे म्हणायचे, "उकाडाच आहे की." तो उकाडा नव्हता, पाळी जाण्याच्या वयातला त्रास होता, आणि हे ऐकायला आम्हीच फार उशीर केला.

दुकानदारांनी शतावरी आणि अश्वगंधा दोन्ही पुढे केली. अश्वगंधा मी परत ठेवली. जाऊबाई थायरॉइडची गोळी घेतात आणि अश्वगंधाने थायरॉइडची पातळी बदलू शकते. शतावरीही डॉक्टरांना विचारूनच. घेतलं ते जवस आणि सोयाबीन. सोयाबीनमधले आयसोफ्लेव्होन नावाचे घटक इस्ट्रोजेन या बायकांच्या संप्रेरकासारखं थोडं काम करतात, काहीजणींच्या वाफा कमी होतात. जवसाचं मात्र चाचणीत तसं दिसलं नाही. पोटाला चांगलं, म्हणून घ्यायचं.

संध्याकाळी तव्यावर जवस तडतडायला लागलं, खमंग वास सुटला. लसूण, तिखट, मीठ घालून चटणी कुटली. कडक भाकरीवर दही आणि ती चटणी घेऊन जाऊबाई पहिल्यांदाच मोकळेपणाने बोलल्या. म्हणाल्या, "मला वाटलं, मलाच काहीतरी झालंय."

मैत्रिणींनो, बारा महिने पाळी बंद राहून पुन्हा रक्त दिसलं, तर काढे करत बसू नका, लगेच डॉक्टरांना दाखवा. जाऊबाईंची वेळ उद्या अकराची आहे. मी सोबत जाणार आहे.