डेटनच्या करारापासून अमेरिका कुठवर आली?

युगोस्लाव्हियातून फुटून निघालेल्या बोस्नियात १९९२ साली बोस्नियाक (म्हणजे तिथले मुस्लिम), क्रोएट आणि सर्ब यांच्यात युद्ध पेटले, तेव्हा अमेरिकेने ते युरोपचे घरगुती भांडण मानून अंग काढून घेतले होते. त्या वेळी युगोस्लाव्हियात पाठवलेल्या संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेचे पहिले प्रमुख लेफ्टनंट जनरल सतीश नंबियार हे मराठा लाइट इन्फंट्रीचे अधिकारी होते, हे आपल्याकडे फार थोड्यांना ठाऊक असते. जुलै १९९५ मध्ये स्रेब्रेनित्सा येथे आठ हजारांहून अधिक मुस्लिम पुरुष आणि मुलगे मारले गेले, आणि मग मात्र वॉशिंग्टनला स्वस्थ बसणे अशक्य झाले. नाटोचे हवाई हल्ले झाले, अमेरिकी मुत्सद्दी रिचर्ड होलब्रुक यांनी तिन्ही बाजूंच्या नेत्यांना ओहायोतल्या डेटनच्या हवाई तळावर आणून बसवले, आणि १४ डिसेंबर १९९५ रोजी पॅरिसमध्ये करारावर सह्या झाल्या.

बोस्नियाची राज्यघटना म्हणजे या कराराचेच चौथे परिशिष्ट. अध्यक्षमंडळात एक बोस्नियाक, एक क्रोएट आणि एक सर्ब असे तिघेच बसतात. सोलापूरसारख्या मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू बोलणाऱ्या शहरात महापौरपद फक्त तीन भाषांना वाटून दिले, तर चौथ्याने कुठे जायचे? सेजदिच हे रोमा आणि फिन्त्सी हे ज्यू नागरिक नेमका हाच प्रश्न घेऊन युरोपीय मानवी हक्क न्यायालयात गेले आणि २००९ साली जिंकले. घटना मात्र अजून बदललेली नाही.

हिराचंद नेमचंद वाचनालयात भेटणारे एक निवृत्त प्राध्यापक म्हणतात, की अमेरिकेने तेथे लोकशाही रुजवली. सरांविषयी आदर राखूनही मला ते पटत नाही. अमेरिकेने युद्ध थांबवले, आणि ते काम लहान नव्हते. नाटोच्या सुमारे साठ हजारांच्या फौजेत तिचे वीस हजार सैनिक होते. पण सप्टेंबर २००१ नंतर तिचे लक्ष अफगाणिस्तान व इराककडे वळले, आणि डिसेंबर २००४ मध्ये बोस्नियातील लष्करी जबाबदारी युरोपीय संघाकडे गेली. युद्ध थांबवण्यासाठी घाईने उभी केलेली चौकट नव्याने बांधण्याची खटपट पुढे कोणी नेटाने केली नाही.

शेजारच्या सर्बियाचा प्रांत असलेल्या कोसोवोने फेब्रुवारी २००८ मध्ये स्वातंत्र्य जाहीर केले, तेव्हा अमेरिकेने दुसऱ्याच दिवशी मान्यता दिली. भारताने ती आजतागायत दिलेली नाही, आणि प्रदेश तुटण्याचे पायंडे पडू नयेत ही दिल्लीची चिंता मला रास्त वाटते. सप्टेंबर २०२० मध्ये व्हाइट हाउसमध्ये सर्बिया आणि कोसोवो यांच्या सह्या घेतल्या गेल्या, त्या मुख्यतः आर्थिक व्यवहारांवर. बोस्नियातले सर्ब नेते मिलोराद दोदिक यांच्यावर अमेरिकेने २०१७ साली डेटन कराराला अडथळा आणल्याबद्दल निर्बंध लादले होते. २०२५ साली त्यांच्याच देशाच्या न्यायालयाने त्यांना सहा वर्षे राजकारणातून दूर केले, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये अमेरिकेने ते निर्बंध उठवले. त्याआधी बोस्नियातल्या सर्ब प्रांताच्या विधानसभेने फुटीर वळणाचे काही कायदे मागे घेतले होते, हे खरे. तरीही हा बदल मला तत्त्वापेक्षा सौद्याच्या अंगाने जाणारा दिसतो.