मोज्याची चुणी

चप्पल चावते, बूट चावतो असं आपण किती सहज म्हणतो. दात नसलेली वस्तू चावते, आणि तीही आपण पैसे मोजून घरी आणल्यावर. मोज्याला मात्र कुणी चावरा म्हणत नाही. गेल्या पावसाळ्यात सिंहगड उतरताना माझ्या उजव्या टाचेला फोड आला, तेव्हा मीही सगळे खडे बुटाच्याच नावानं फोडले. घरी येऊन बूट काढला तर टाचेपाशी मोज्याची एक चुणी दुमडून बसलेली. ओली, गव्हल्याएवढी. एवढ्याशा गव्हल्यानं मला चार दिवस लंगडत चालवलं.

त्या संध्याकाळी कोमट मिठाच्या पाण्यात पाय सोडून बसले आणि जॉन वुडन आठवले. कॉलेजात मी बास्केटबॉल खेळायचे. (खेळायचे म्हणजे बहुतेक वेळ बाकावर बसायचे. बाकावर बसलेल्या माणसाला खेळाच्या गोष्टी फार पाठ होतात.)

वुडन हे लॉस एंजेलिसच्या यूसीएलए विद्यापीठाचे कोच. १९४८ ते १९७५ एवढी वर्षं त्यांनी तिथे काढली, आणि शेवटच्या १२ वर्षांत त्यांच्या संघानं १० राष्ट्रीय अजिंक्यपदं मिळवली, त्यातली ७ ओळीनं. अशा माणसाकडे देशभरातून निवडून आलेली पोरं यायची. सात फुटांहून उंच लू अल्सिंडर, म्हणजे पुढचे करीम अब्दुल-जब्बार, त्यांतलेच. बिल वॉल्टनही. पहिल्या दिवशी पोरं कान टवकारून बसलेली असणार, आता काहीतरी गुपित कळणार म्हणून. आणि हे गृहस्थ शिकवणार काय, तर मोजे कसे घालायचे.

थट्टा नव्हे. मोजा आधी बोटांवर चढवायचा. मग करंगळीच्या बाजूनं आणि टाचेभोवती हात फिरवून बघायचा, कुठे चुणी राहिली का. राहिली असेल तर काढायची. मग मोजा वर ताणून धरायचा आणि तो तसाच ताणलेला असताना पाय बुटात घालायचा. बुटाची नाडी नुसती वरून ओढायची नाही, खालच्या भोकापासून एकेक करत आवळत यायची आणि शेवटी दुहेरी गाठ मारायची. कारण? चुणीनं फोड येतो, फोड आला की प्रॅक्टिस बुडते. सैल बुटानंही तेच. म्हणून बुटाचं मापही पोरगा सांगेल ते धरायचं नाही.

मला यातली गंमत अशी वाटते की हे शिकवणारा माणूस स्वतः खेळाडू म्हणून अगदी उलट्या प्रकृतीचा होता. इंडियाना राज्यातल्या पर्ड्यू विद्यापीठाकडून खेळताना हा पाच फूट दहा इंचांचा पोरगा चेंडूमागे स्वतःला लाकडी फरशीवर झोकून द्यायचा आणि चेंडूसारखाच उसळून उभा राहायचा. लोकांनी नावच ठेवलं, इंडियानाचा रबरी माणूस. तीन वेळा तो अखिल अमेरिकन संघात निवडला गेला. १९३२ साली पदवी घेतली, आणि ऑगस्टमध्ये लग्न ठरलेलं असताना ऐन वेळी बँक बुडून साठवलेले ९०९ डॉलर गेले. लग्न झालंच. मग केंटकीतल्या डेटनला शाळामास्तरकी: इंग्रजी शिकवायचं आणि उरलेल्या वेळात पोरांना खेळवायचं. पहिल्या वर्षी संघ जिंकला त्यापेक्षा जास्त वेळा हरला. ज्याच्या अंगात खेळ असतो त्याला दुसऱ्याच्या अंगात तो का उतरत नाही हेच कळत नसावं. आमच्या शाळेत गणिताचे एक सर असेच होते. उत्तर फळ्यावर लिहून आमच्याकडे बघत राहायचे.

वुडन मात्र मास्तरच झाले, पुरते. प्रॅक्टिसचं मिनिटामिनिटाचं टिपण काढून ठेवायचे. यूसीएलएतल्या सुरुवातीच्या वर्षांत जुन्या व्यायामशाळेत सराव असे, तिथली फरशी प्रॅक्टिसआधी ते स्वतः पुसून घेत. पहिलं अजिंक्यपद आलं १९६४ साली, म्हणजे तिथल्या त्यांच्या सोळाव्या हंगामात! आजच्या एखाद्या संघमालकानं त्यांना तिसऱ्याच वर्षी नारळ दिला असता.

१९७४-७५ च्या हंगामात दोन मानसशास्त्रज्ञ त्यांची प्रॅक्टिस बघायला येऊन बसले आणि ते काय बोलतात याची मोजदाद केली. २,३२६ नोंदी झाल्या. त्यांत पोराला नेमकं काय करायचं आणि कसं, हे सांगणाऱ्याच तीन चतुर्थांशांच्या घरात. ‘शाब्बास’ जेमतेम सात टक्के, आणि रागावणंही जवळपास तितकंच. हे वाचल्यापासून मी लेकीशी दिवसभरात काय बोलते ते मनातल्या मनात मोजून पाहिलं. आकडा सांगत नाही.

लेक आता सहावीत आहे आणि बास्केटबॉलच्या क्लासला जाते. सकाळी साडेसहाला रिक्षावाले काका खाली हॉर्न वाजवतात आणि ही एका पायावर लंगडी घालत, दुसऱ्या पायात मोजा कसाबसा कोंबत दाराकडे निघते. टाचेची बाजू पायाच्या वर आलेली, अंगठ्यापाशी गोळा. परवा मी तिला हाताला धरून खुर्चीवर बसवलं. मोजा काढून सरळ केला, बोटांवर चढवला, टाचेभोवती हात फिरवला. ती म्हणाली, “आई, मी काय बालवाडीत आहे का?” सात फुटांच्या माणसालाही असंच शिकवायचे म्हणून सांगितलं. तिनं माझ्याकडे संशयानं पाहिलं आणि हळूच स्वतःच्या दुसऱ्या पायाकडे. काकांनी पुन्हा हॉर्न दिला.

तिला आणखी एक गोष्ट सांगायची राहून गेली. वुडन लहान असताना त्यांच्या शेतावर चेंडू नव्हता. वडिलांनी टोमॅटोच्या टोपलीचा तळ काढून ती गोठ्यात ठोकून दिली. आणि आईनं एक काळा सुती मोजा घेतला, त्यात चिंध्या ठासून भरल्या आणि तोंड हातानं शिवून टाकलं. असल्या चेंडूचा टप्पा कुठला पडायला! नुसता फेकायचा, आणि पडला की उचलून आणायचा.