चाकाला हात

मे महिन्यात ठाण्यात पंखा बंद पडला की काय होतं, ते नौपाड्यातल्या जुन्या इमारतीत, बरोब्बर गच्चीखाली राहणाऱ्याला विचारा. आमचा तर धड बंदही पडला नव्हता. बटण दाबलं की नुसता घुंऽऽ करायचा, पाती ढिम्म. आईने झाडूचा दांडा घेऊन एका पात्याला हलकेच ढोसलं आणि स्वारी रमतगमत निघाली. तीन दिवस हा ढकलस्टार्ट चालला. चौथ्या दिवशी घाईत मी उलट्या बाजूने ढोसलं, तर पठ्ठ्या उलटाच फिरायला लागला! वारा सगळा छताला.

"गच्चीला वारा घालतोयस का?" आई म्हणाली.

शाळेत ऑर्स्टेडचा प्रयोग केला होता. तारेतून वीज सोडली की शेजारची चुंबकसुई वळते. त्याला हे 1820 साली दिसलं, आम्हाला मार्कांपुरतं. पंख्याच्या पोटातली तांब्याची वेटोळी म्हणजे तीच तार, शेकडो वेळा गुंडाळलेली. गंमत म्हणजे छताच्या पंख्यात ही वेटोळी मधे गप्प बसून असतात आणि बाहेरचं कवच फिरतं. त्या कवचाला एकही तार जोडलेली नसते. बदलत्या चुंबकीय क्षेत्रामुळे त्याच्यात आपोआप प्रवाह उपजतो. ही 1831 सालची फॅरेडेची करामत.

मग अडलं कुठे? आपल्या घरातली वीज सेकंदाला 50 वेळा पुढे-मागे करते. एकट्या वेटोळ्याचं चुंबकत्वही तसंच नुसतं इकडून तिकडे हेलकावतं, गोल फिरत नाही. हे आईला सांगताना मी वहीवर बाण काढत होतो. तिने वहीकडे पाहिलंही नाही, बोट दाखवलं ते कोपऱ्यातल्या पायमशीनकडे. पाय वर-खाली, वर-खाली. चाकाला आधी हात दिला नाही तर नुसतं डुचमळतं. उलटा हात दिला तर उलटं पळतं आणि दोरा तुटतो.

माझे सगळे बाण फुकट गेले.

पंख्यात हा हात देणारा म्हणजे कपॅसिटर. तो दुसऱ्या वेटोळ्यातला प्रवाह पहिल्याच्या किंचित पुढे काढतो. दोन हेलकावे असे मागेपुढे झाले की त्यांची बेरीज गोल फिरते, तीही एकाच ठरलेल्या दिशेला.

गोखले रोडवरच्या दुकानात "पंख्याचा कपॅसिटर" म्हटल्यावर दुकानदाराने मान वर न करता विचारलं, "कंडेन्सर? अडीचचा की तीन पंधराचा?" म्हणजे मायक्रोफॅरड, कपॅसिटरच्या क्षमतेचं माप. जुन्यावर अडीच लिहिलं होतं. काडेपेटीएवढी काळी डबी, दोन वायरी. बसवली, बटण दाबलं, कॅलेंडर फडफडलं.

जुनी डबी आईने मशीनच्या खणात, बॉबिनांशेजारी ठेवून दिलीय. का, ते विचारायचं नाही.