नकार कशाला द्यायचा, हे ठरवणारी तत्त्वे

आमच्या महाविद्यालयाच्या तंत्रज्ञान सेवांसाठी मार्गदर्शक तत्त्वांचा मसुदा तयार करण्याचे काम सध्या एका छोट्या समितीकडे आहे आणि त्या समितीत मीही आहे. शिवाजी विद्यापीठाशी संलग्न, तिन्ही शाखांचे, अकरावी-बारावीचे वर्गही त्याच आवारात भरणारे हे महाविद्यालय आहे. कोल्हापूर, सांगली आणि सातारा या तीन जिल्ह्यांत अशी महाविद्यालये पुष्कळ आहेत, त्यामुळे पुढे जे लिहितो आहे ते बहुधा इतर ठिकाणच्या सहकाऱ्यांनाही ओळखीचे वाटेल.

नमुन्यादाखल आम्ही निरनिराळ्या संस्थांचे मसुदे वाचले. उत्कृष्टता, नवोन्मेष, पारदर्शकता, सर्वसमावेशकता असे शब्द त्या सगळ्यांत आहेत आणि त्यांतील एकावरही कोणाचे दुमत होण्याचे कारण नाही. अडचण नेमकी तीच आहे. ‘आम्ही निकृष्ट आणि अपारदर्शक सेवा देऊ’ असे कोणतेही महाविद्यालय लिहिणार नाही; म्हणजे त्याच्या उलट वाक्य लिहून आपण काहीच ठरवलेले नसते. असा कागद नॅकच्या, म्हणजे महाविद्यालयांना श्रेणी देणाऱ्या राष्ट्रीय परिषदेच्या, फाइलमध्ये शोभून दिसतो, पण खरेदीच्या बैठकीत दोन दरपत्रके समोर आली की त्याची कोणाला आठवण होत नाही. म्हणून मी समितीत असा आग्रह धरला की, ज्या तत्त्वाच्या आधारे आपण एखाद्या आकर्षक गोष्टीला नकार देऊ शकू, तेवढेच मसुद्यात ठेवावे. ही चाळणी लावल्यावर यादी झपाट्याने लहान झाली.

पहिला नकार महाविद्यालयाच्या वेगळ्या अ‍ॅपला आहे. गगनबावडा, शाहूवाडी, राधानगरी, भुदरगड या तालुक्यांतून एसटीने येणाऱ्या आमच्या विद्यार्थ्यांपैकी अनेकांकडे संगणक नाही. फोन आहे, तोही कधी घरातला सामाईक. त्यामुळे महाविद्यालयाचा कोणताही अर्ज साध्या फोनवर, कमकुवत रेंजमध्ये, मराठीतून भरता आला पाहिजे, आणि अर्धा भरलेला अर्ज रेंज गेल्यामुळे पुसला जाता कामा नये. एवढे साधत नसेल, तर संकेतस्थळावर फिरती छायाचित्रे आणि ड्रोनने टिपलेले आवार असण्याचा काही उपयोग नाही. ज्याला हेही जमणार नाही त्याच्यासाठी खिडकीवर कागदी अर्ज राहील आणि तो घेताना ‘ऑनलाइन का भरला नाही’ असे विचारले जाणार नाही, हेही आम्ही स्पष्ट लिहिले आहे.

सर्वांत जास्त चर्चा झाली ती विद्यार्थ्यांच्या कागदपत्रांवर. शिष्यवृत्तीचे अर्ज सुरू झाले की महाविद्यालयाबाहेरच्या झेरॉक्सच्या दुकानात काय चालते ते एकदा उभे राहून पाहावे. महाडीबीटी या राज्य शासनाच्या शिष्यवृत्ती संकेतस्थळावर टाकायच्या फाइलचा आकार ठरावीक मर्यादेत बसवावा लागतो आणि फोनवर काढलेला फोटो त्यात बसत नाही. मग मुलगी आपले आधार कार्ड, वडिलांचा उत्पन्नाचा दाखला आणि बँक पासबुकाचे पहिले पान दुकानदाराच्या व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवते. तो ते संगणकावर उतरवून घेतो, आकार कमी करतो, परत पाठवतो आणि पुढच्या मुलाकडे वळतो. त्या संगणकाच्या डाउनलोड्स फोल्डरमध्ये आमच्या निम्म्या वर्गाची कागदपत्रे पडून असतात. दुकानदाराचा यात काही वाईट हेतू नसतो. उलट आम्ही न दिलेली सेवा तो दहा-वीस रुपयांत देत असतो. तरीही, माहितीच्या सुरक्षिततेविषयी आम्ही कितीही सुरेख धोरण लिहिले, तरी जोपर्यंत मुलांना त्या दुकानात जावे लागते तोपर्यंत ते धोरण म्हणजे रोग रेड्याला आणि औषध पखालीला.

यावरचा उपाय अगदी साधा आहे. कार्यालयाच्या खिडकीजवळ एक स्कॅनर, त्याला जोडलेला एक संगणक, फाइल लहान करण्याची सोय आणि विद्यार्थ्याला त्याची फाइल मिळाल्यावर रोज संध्याकाळी सर्व काही पुसले जाईल अशी मांडणी. यासाठी सर्व्हर लागत नाही, सल्लागार लागत नाही. अर्जांच्या हंगामात तिथे बसायला एक माणूस मात्र लागतो.

त्याच्याच जोडीचे तत्त्व असे की, जे पाहून काम भागते ते साठवायचे नाही. प्रवेशाच्या वेळी, शिष्यवृत्तीच्या वेळी, ग्रंथालयाच्या ओळखपत्राच्या वेळी आणि परीक्षा अर्जाच्या वेळी आम्ही आधारची प्रत मागतो. का मागतो, असे विचारल्यावर ‘पूर्वीपासून मागतो’ याखेरीज उत्तर मिळाले नाही. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षणाचा कायदा २०२३ साली झाला आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. बहुतेक जबाबदाऱ्या अठरा महिन्यांच्या तयारीच्या मुदतीनंतर लागू होणार असल्या, तरी सांगितलेल्या कारणापुरतीच माहिती घ्यावी आणि कारण संपल्यावर ती पुसावी ही दिशा स्पष्ट आहे. शैक्षणिक संस्थांना काही मर्यादित सूट असली, तरी अठरा वर्षांखालील मुलांच्या बाबतीत हा कायदा अधिक कडक आहे आणि आमच्याकडे अकरावी-बारावीची मुले आहेत. चेहरा ओळखून हजेरी लावणाऱ्या यंत्राचा प्रस्ताव आमच्यापुढे आला होता, तो याच तत्त्वावर आम्ही बाजूला ठेवला. हजेरी घेण्यासाठी शिक्षकाला मुलांची नावे ठाऊक असणे अधिक बरे, असे माझे वैयक्तिक मत आहे. ते मसुद्यात नाही.

पुढचा नकार आहे, आत जाता येते पण बाहेर पडता येत नाही अशा प्रणालीला. प्रवेश, शुल्क आणि निकाल सांभाळणारे सॉफ्टवेअर पुरवणाऱ्या एका कंपनीशी करार संपवताना आम्हाला आमचीच माहिती छापील अहवालांच्या पीडीएफ रूपात मिळाली. तक्ते हवे असतील तर वेगळे शुल्क, असे सांगण्यात आले. आता निविदेतच लिहायचे आहे की, सर्व माहिती कोणत्याही दिवशी, जास्तीचे पैसे न देता, सर्वसाधारण तक्त्याच्या स्वरूपात उतरवून घेता आली पाहिजे. फुकट मिळणाऱ्या सेवांनाही हे लागू आहे. गूगलने शिक्षणसंस्थांना दिलेली अमर्याद साठवण बंद करून संपूर्ण संस्थेला मिळून १०० टेराबाइटची मर्यादा घालत असल्याचे २०२१ मध्ये जाहीर केले, तेव्हा फुकट याचा अर्थ ‘सध्यापुरते’ असा असतो हे सर्वांनाच कळले.

अडकून पडण्याचा आणखी एक प्रकार आहे आणि तो आपल्या मराठीचा आहे. आमच्या कार्यालयातील जुनी इतिवृत्ते युनिकोड, म्हणजे प्रत्येक लिपीतील अक्षराला स्वतःचा क्रमांक देणारी सर्वमान्य पद्धत, येण्याआधीच्या फाँटमध्ये टंकलेली आहेत. त्या फाँटांत मराठी अक्षराचा आकार रोमन अक्षराच्या जागी बसवलेला असल्यामुळे, फाँट नसलेल्या संगणकावर ठरावाच्या जागी निरर्थक रोमन चिन्हांची रांग दिसते. तेव्हा यापुढे महाविद्यालयाचा प्रत्येक मजकूर युनिकोडमध्येच लिहिला जाईल. सूचनेच्या कागदाचा फोटो काढून व्हॉट्सअ‍ॅप गटावर टाकण्याची सवयही याच कलमाखाली बंद करायची आहे, कारण दृष्टिहीन विद्यार्थी वापरतात तो एनव्हीडीएसारखा मोफत वाचक-प्रोग्राम मजकूर वाचतो, चित्रातली अक्षरे त्याला सहजी वाचता येत नाहीत. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा २०१६ चा कायदा भिंतीवर लावण्यापेक्षा सूचना टंकून पाठवणे कमी कष्टाचे आहे.

आता पुराविषयी. २०१९ चा ऑगस्ट आणि २०२१ चा जुलै पाहिलेल्या कोल्हापूर शहरात सर्व्हर तळमजल्यावर ठेवायचा नाही हे तत्त्व म्हणून लिहावे लागते, कारण वातानुकूलित खोली बहुतेक वेळा तळमजल्यावरच मोकळी सापडते. माहितीच्या तीन प्रती, दोन वेगळ्या माध्यमांवर, त्यांपैकी एक आवाराबाहेर, हा नियम सर्वत्र सांगितला जातो. आमच्याकडे प्रश्न ‘आवाराबाहेर’ म्हणजे कुठे, हा आहे. सांगलीतल्या एखाद्या महाविद्यालयाशी प्रतींची देवाणघेवाण करावी ही सूचना ऐकायला छान होती. परंतु २०१९ साली इथली पंचगंगा आणि सांगलीची कृष्णा एकाच आठवड्यात पात्राबाहेर होत्या आणि पुणे-बंगळूर महामार्ग शिरोलीजवळ बंद होता. म्हणून एक प्रत दूरच्या क्लाउडवर आणि एक शहरातल्याच उंचावरच्या भागात ठेवायची आहे, आणि प्रत्येक सत्रात एकदा त्या प्रतीवरून निकालपत्रक प्रत्यक्ष उभे करून पाहायचे आहे. संकेतशब्द एकाच कंत्राटी तंत्रज्ञाच्या डोक्यात असणार नाहीत, हेही तिथेच आले. तो मुलगा हुशार आहे, आणि म्हणूनच तो इथे किती दिवस टिकेल हे सांगता येत नाही.

पूर येतो तो नेमका प्रवेशांच्या दिवसांत. वीज जाते, टॉवर बंद पडतात आणि ‘आज अंतिम मुदत’ असे आमचे संकेतस्थळ मात्र सांगत राहते. यावर मी सुचवलेले कलम असे आहे: राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेने ४३ फुटांची धोका पातळी ओलांडली की महाविद्यालयाच्या हातातील सर्व ऑनलाइन मुदती आपोआप वाढतील आणि त्यासाठी कोणत्याही विद्यार्थ्याला अर्ज करावा लागणार नाही. शासनाच्या आणि विद्यापीठाच्या मुदती आमच्या हातात नाहीत. पण अंतर्गत शुल्काचा हप्ता, प्रकल्प सादर करणे, ग्रंथालयाचा दंड हे सारे आमचेच आहे.

यंत्रांच्या देखभालीचे कलम थोडक्यात आटोपले. विंडोज १० चे मोफत सुरक्षा-अद्ययावतीकरण १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबल्यापासून आमच्या प्रयोगशाळेतील जुन्या यंत्रांवर लिनक्स ही मोफत प्रणाली चालवायचे ठरले आहे, आणि पुढील पाच वर्षांच्या बॅटऱ्या व दुरुस्तीची तरतूद दाखवल्याशिवाय नवे काही घ्यायचे नाही.

मसुदा आता महाविद्यालय विकास समितीपुढे जाईल. ४३ फुटांच्या कलमावर कार्यालयीन अधीक्षकांचा आक्षेप कायम आहे. त्यांचे म्हणणे असे की, आजरा किंवा चंदगडच्या मुलाचा रस्ता पंचगंगेची पातळी ३९ फुटांच्या इशाऱ्याला पोहोचण्याआधीच बंद झालेला असू शकतो, मग मोजमाप एकट्या कोल्हापूरच्या बंधाऱ्यावर का? आक्षेप रास्त आहे. तालुकानिहाय मुदतवाढीचे शब्द कसे असावेत, यावर पुढच्या बैठकीत ते आणि मी मिळून नवे कलम मांडणार आहोत.